उपचार करणाऱ्यांना होणारा आघात

बर्न्स वॉर्डमधली सिस्टर रोज ड्रेसिंग करते. पट्टी सुटताना रुग्ण विव्हळतो आणि पोलिसांना ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं सांगणारी बाई खरं काय घडलं ते सिस्टरला हळूच सांगते. अशा ड्यूट्या केल्यावर सिस्टरला स्वतःच्या घरात गॅस पेटवताना धडधडू लागलं, तर त्याला नाव आहे: दुय्यम आघातजन्य ताण.

तो होतो कसा? समोरच्याला धीर द्यायचा तर त्याच्यावर काय गुदरलं ते मनात उभं करावं लागतं. तेवढ्यानंही शरीर धोका ओळखून सज्ज होतं: ठोके वाढतात, स्नायू आवळतात. त्यासाठी घटना डोळ्यांनी पाहायलाच हवी असं नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. तिथल्या समुपदेशक घरगुती हिंसाचाराच्या हकिकती ऐकतात, आणि नुसतं ऐकणंही मनावर कोरलं जातं. एरवी थोड्या वेळानं शरीर निवळतं; पण कॅज्युअल्टीत तोवर पुढचा रुग्ण दारात आलेला असतो.

लक्षणं तीन प्रकारची. नको असताना तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, स्वप्नातही. तशा रुग्णाला, खोलीला, विषयालाच टाळणं. आणि सतत सावध राहणं: झोप उडणं, चिडचिड, लहानशा आवाजानं दचकणं. २००४ साली ब्रायन ब्राइड आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली १७ प्रश्नांची मोजपट्टी याच तीन गटांवर उभी आहे.

कामाच्या ओझ्यानं येणारा थकवा वेगळा. तो हळूहळू साठतो आणि कामाचा भार कमी झाला की बराच उतरतो. दुय्यम आघातजन्य ताण मात्र एका रुग्णानंतरही सुरू होऊ शकतो, विशेषतः तो रुग्ण आपल्या मुलाच्या वयाचा असेल तर. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानग्रंथानंही कामाचा भाग म्हणून भीषण तपशील वारंवार समोर येणं हे पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराचं, संभाव्य कारण मानलं आहे.

म्हणूनच ‘मन घट्ट कर’ हा सल्ला चुकीचा आहे. एक्स-रे विभागातल्या कर्मचाऱ्याला बॅज दिला जातो, त्याला किती किरणं लागली ते मोजलं जातं. तीच काळजी इथे हवी. आघाताच्या केसेस आळीपाळीनं वाटाव्यात, मूल दगावल्यावर त्या सिस्टरला थोडी उसंत मिळावी, अनुभवी वरिष्ठांशी नियमित बोलता यावं. सगळ्यांना एका बैठकीत सक्तीनं बोलतं करणं मात्र टाळावं; त्यानं पुढचा आजार टळत नाही.

त्रास महिनाभर टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. आघातावर केंद्रित मानसोपचारानं गुण येतो. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं. सोबतची सिस्टर, ब्रदर किंवा मावशी गप्प झालेली दिसली, तर हा क्रमांक तिला आजच द्या, आणि ड्यूटी बदलून मिळावी म्हणून तिच्यासोबत मेट्रनकडे जा.