गंध बाटलीतला आणि त्वचेवरचा

मैत्रिणीचा मंद, प्रसन्न सुगंध आवडला म्हणून हौसेने तोच परफ्युम आणावा आणि आपल्या मनगटावर तो तासाभरात उग्र वाटावा किंवा पार उडून जावा, असा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. दोन-तीन हजार रुपयांची बाटली मग कपाटात तशीच पडून राहते. चूक बहुधा खरेदीच्या घाईत असते.

परफ्युममध्ये वेगवेगळ्या वेगाने उडणारी सुगंधी द्रव्ये मद्यार्कात विरघळवलेली असतात. लिंबू, संत्रे, बर्गामोट यांचे हलके गंध पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच विरतात. त्यानंतर गुलाब, मोगरा, लव्हेंडर अशी फुले जाणवू लागतात. चंदन, वाळा, कस्तुरीसारखे जड गंध शेवटी उरतात आणि खरी सोबत त्यांचीच असते. दुकानात कागदी पट्टी हुंगून पैसे मोजणारा ग्राहक केवळ पहिला अंक पाहून नाटकाचे तिकीट काढत असतो!

शिवाय कागदाला ना ऊब असते, ना घाम. तेलकट त्वचा सुगंध धरून ठेवते, तर कोरड्या त्वचेवरून तो लवकर उडतो. अंगाच्या उष्णतेने हा वेग वाढतो. घामावर वाढणाऱ्या जिवाणूंचा वास, साबण, केसांचे तेल, पावडर हे सारे त्यात मिसळते. त्वचेच्या सामूचा, म्हणजे आम्लतेचा, विक्रेते मोठा गाजावाजा करतात. पण निरोगी त्वचा सर्वांचीच किंचित आम्लधर्मी असते. तेलकटपणा आणि ऊब पाहणे अधिक उपयोगाचे. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे, गंध अधिक टिकतो.

निवड करताना एका वेळी दोनच परफ्युम, दोन मनगटांवर एकेक, लावून पाहावेत. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. दुकानातून बाहेर पडावे, इतर कामे उरकावीत आणि चार-पाच तासांनी पुन्हा हुंगावे. खरेदी दुसऱ्या दिवशी. नाक थकले की कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत आहे. मोकळी हवाही तेवढेच काम करते. घरच्यांचे मतही विचारावे, कारण कस्तुरीसदृश काही कृत्रिम गंध अनेकांच्या नाकाला जाणवतच नाहीत. अशी व्यक्ती 'वासच येत नाही' म्हणून फवारत राहते आणि लोकलच्या डब्यात शेजारच्याचे डोके दुखते.

लेबलही वाचावे. ओ द त्वालेतमध्ये सुगंधी अर्क साधारण 5 ते 15 टक्के, ओ द पार्फममध्ये 15 ते 20 टक्के असतो. मुंबईच्या दमट उकाड्यात पहिला प्रकार पुरे होतो. ज्यांना मद्यार्क झोंबतो, त्यांना अत्तर सोसण्याची शक्यता अधिक. कनौजची पारंपरिक अत्तरे चंदनतेलात उतरवली जात. चंदनतेल महागल्याने आता स्वस्त अत्तरांत इतर द्रव वापरतात, तेव्हा कशात बनवले आहे हे विचारून घ्यावे.

सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र अत्तरालाही निर्धोक मानू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. बर्गामोटच्या नैसर्गिक तेलातील एका घटकामुळे, ऊन लागल्यास, त्वचेवर काळपट डाग पडू शकतात. म्हणून उन्हात निघताना परफ्युम मानेवर न लावता सुती कपड्यावर फवारावा. रेशमी साडीवर मात्र नको, तिच्यावरही डाग पडतात.