एकवीस वळणांचा घाट आणि सातव्या वळणावरचे डच

बूर द्वाझाँ हे फ्रेंच आल्प्समधलं बाजाराचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर. गाव संपलं की रस्ता काही कळायच्या आत अंगावर येतो. इथून आल्प द्युएझ या स्कीच्या गावापर्यंतचा घाट १३.८ किलोमीटरचा आहे. सरासरी चढ आठ टक्क्यांहून थोडा जास्त, आणि सुरुवातीचाच भाग सगळ्यांत खडा. वळणं एकवीस. त्यांचे आकडे उलटे लावलेत : पायथ्याशी २१, माथ्याशी १. किती राहिलं ते चढणाऱ्याला कळावं, हा हेतू चांगलाच असणार. पण धाप लागलेल्या सायकलवाल्याला '१९' ही पाटी दिसते तेव्हा तो जे पुटपुटतो ते छापण्याजोगं नसतं. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची शेवटची रेषा सुमारे १८५० मीटरवर असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर उंच.

एरवी हा सरकारी डांबरी रस्ताच. वर जाणाऱ्या बस, दुधाच्या गाड्या, आठवडाभराच्या सुट्टीवर निघालेली कुटुंबं. पण टूर द फ्रान्सचा टप्पा इथे संपणार असला की घाटाची मालकी बदलते. जुलैमध्ये, शर्यतीच्या कितीतरी दिवस आधी, झोपायची सोय असलेल्या गाड्या वर चढू लागतात आणि रस्त्याच्या कडेला मिळेल त्या सपाटीवर चाकाखाली दगड लावून उभ्या राहतात. तिकीट नाही, खुर्ची नाही, राखीव जागा नाही. आधी आला त्याची जागा. मग तंबू, घडीच्या खुर्च्या, झेंडे, कोळशाच्या शेगड्या. मोठ्या ब्रशने रस्त्यावर लाडक्या स्पर्धकांची नावं रंगवली जातात, आणि रात्रीतून दुसरा कुणीतरी त्यावर आपली नावं रंगवतो.

शर्यतीच्या दिवशी आधी येतो तो जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा. १९३० पासून ही पद्धत आहे. सजवलेल्या गाड्यांवरून टोप्या, किल्ल्यांची कडी, सॉसेजची पाकिटं गर्दीत भिरकावली जातात, आणि एरवी बँकेत किंवा शाळेत शिस्तीत वागणारी वयस्क माणसं एका टोपीसाठी खड्ड्यात उतरतात. त्यानंतर मोठी, कंटाळवाणी शांतता. मग दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज वर येऊ लागतो आणि सगळे उठून उभे राहतात.

पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. आघाडीचा स्पर्धक, त्याचा पाठलाग करणारे दोघं-चौघं, विखुरलेले घोळके आणि सगळ्यांत शेवटी 'ऑटोबस'. जड अंगाचे, चढाला न मानवणारे स्पर्धक वेळेच्या मर्यादेत पोहोचण्यासाठी एकत्र चढतात, त्या जथ्याचं हे नाव. जाणते प्रेक्षक ऑटोबस जाईपर्यंत हलत नाहीत. सपाट रस्त्यावर ताशी पंचेचाळीसने सुसाट जाणारी माणसं इथे हाताच्या अंतरावरून, चेहऱ्यावरचं मीठ दिसेल इतक्या सावकाश जातात. सायकल शर्यतीत प्रेक्षकाला खेळाडू दिसतो तो घाटातच.

मुंबई-पुणे शर्यत पाहायला बोरघाटात उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे सर्वांत आधी घाट चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. टूरमध्ये अशाच राजाला १९७५ पासून लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते.

आल्प द्युएझचा इतिहास थोडक्यात उरकायचा तर : वरच्या पठारावर ब्रांद इथे मध्ययुगात चांदीच्या खाणी होत्या, त्यांचे अवशेष अजून दिसतात. १९३० च्या दशकात पोमागाल्स्की नावाच्या तंत्रज्ञाने स्की करणाऱ्यांना दोराने वर ओढून नेणारी यंत्रणा इथे उभारली, आणि त्याचं नाव पुढे जगभरच्या स्की-उतारांवर गेलं. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमधली बॉबस्लेची शर्यत इथेच झाली. उन्हाने बर्फ वितळू नये म्हणून ती पहाटे आणि रात्री उरकावी लागली होती.

टूर इथे पहिल्यांदा आली १९५२ मध्ये. जॉर्ज राजाँ या हॉटेलमालकाने पुढाकार घेतला, गावातल्या व्यावसायिकांनी पैसे घातले. टूरचा टप्पा डोंगरमाथ्यावर संपण्याची ती पहिलीच वेळ. इटलीच्या फाउस्टो कोप्पीने जाँ रोबिकला मागे टाकून तो जिंकला, आणि पुढे पूर्ण शर्यत २८ मिनिटांच्या फरकाने खिशात घातली. इतक्या एकतर्फी निकालानंतर आयोजकांचा उत्साह मावळला. २४ वर्षं टूर या रस्त्याकडे फिरकली नाही.

ती परतली १९७६ मध्ये, आणि इथून पुढची गोष्ट डचांची आहे.

नेदरलँड्सचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचा सर्वांत उंच माथा जेमतेम ३२२ मीटरचा. बूर द्वाझाँचा बाजारच त्याच्या दुपटीहून उंच भरतो. अशा देशाच्या योप झूटमेल्कने १९७६ चा टप्पा जिंकला. पुढल्या दोन्ही वर्षी हेनी कायपरचं नाव लागलं. त्यातलं १९७८ चं यश जरा आडवाटेने आलं. वर पहिला पोहोचला होता बेल्जियमचा मिशेल पोलेंटिये, पण उत्तेजक चाचणीच्या वेळी काखेत दुसऱ्याच्या लघवीचा फुगा दडवलेला सापडला आणि त्याला घरी पाठवलं गेलं. १९७९ मध्ये पुन्हा झूटमेल्क, मग पेटर विनन दोनदा, स्टीव्हन रोक्स, गर्ट-यान टूनिसे. १९७६ ते १९८९ या काळात इथे तेरा वेळा टप्पा संपला, त्यात आठ वेळा डच जिंकले.

योगायोग असा की गावचा पाद्रीही डचच होता. फादर याप रूटेन १९६४ मध्ये इथे आले, ते १९९२ पर्यंत राहिले. स्कीसाठी वाढत चाललेल्या गावाला पुरेसं चर्च नव्हतं. रूटेन यांनी जाँ मारॉल या वास्तुशिल्पीकडून 'नोत्र दाम दे नेज', म्हणजे बर्फमाउलीचं, चर्च बांधून घेतलं. १९७० च्या सुमारास ते उभं राहिलं. गोलाकार बांधणी, तंबूसारखं वर निमुळतं होत गेलेलं छत. बाहेरून ते चर्च आहे हे चटकन लक्षात येत नाही. टूर परतली तेव्हा गावात पत्रकारांना बसायला मोठी खोली नव्हती, म्हणून प्रार्थनेच्या बाकांवर वार्ताहर बसू लागले. जगातल्या मोठ्या क्रीडा-दैनिकांच्या बातम्या देवाच्या साक्षीने लिहिल्या गेल्या. त्यातल्या सगळ्या खऱ्या होत्या असं मात्र कुणी म्हणत नाही.

डच स्पर्धक जिंकला की फादर रूटेन चर्चची घंटा वाजवत. ही गोष्ट घाटावर दरवर्षी नव्याने सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यागणिक घंटा जास्त वेळ वाजते. फ्रान्सच्या भूमीवर, फ्रेंच शर्यतीत, देवळाची घंटा परदेशी विजेत्यासाठी वाजावी आणि गावाने ते हसून घ्यावं, यातच या घाटाचा स्वभाव दिसतो.

पण रूटेन यांची खरी ओढ संगीताची असावी, कारण या चर्चमध्ये पाहायची वस्तू घंटा नाही, ऑर्गन आहे. पॅरिसचे प्रसिद्ध ऑर्गनवादक जाँ गियू यांची कल्पना आणि डेटलेफ क्लॉयकर या जर्मन कारागिराचं काम. १९७८ मध्ये ते बसवलं गेलं. ऑर्गनच्या नळ्या साधारणपणे भिंतीलगत, लाकडी चौकटीत, उतरत्या क्रमाने उभ्या असतात. क्लॉयकरने त्या वर उचललेल्या हाताच्या आकारात मांडल्या. बोटं वेगवेगळ्या उंचीची, प्रत्येक बोटात नळ्यांचा जुडगा. नळीची लांबी सूर ठरवते, त्यामुळे आकार मनासारखा करायचा आणि सूरही सांभाळायचे हा हिशेब सोपा नाही. स्कीचे बूट विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत असं वाद्य असेल असं कुणाला वाटणार? सायकलवाल्यांपैकी फार थोडे ते पाहायला आत जातात. शेवटच्या रेषेजवळ फोटो काढून झाला की बहुतेक जण बिअरच्या शोधात निघतात.

बिअर भरपूर मिळते ती सातव्या वळणावर. ह्युएझच्या जुन्या वस्तीजवळ, संत फेरेओलच्या छोट्या चर्चपाशी हे वळण आहे. त्याचं नाव डच कोपरा. टप्प्याच्या दिवशी इथे डांबर दिसत नाही, फक्त डचांचा नारिंगी रंग दिसतो : टोप्या, सदरे, विग, धूर. ध्वनिवर्धकांच्या भिंती लागतात. मधोमध एक फट राहते, तीही स्पर्धक आल्यावरच उघडते. तिच्यातून जाताना कानांत काहीच शिरत नाही, असं अनेक स्पर्धकांनी सांगितलं आहे. शेजारचं जुनं ह्युएझ गाव मात्र या गोंगाटात हरवतं. दगडी घरं, अरुंद गल्ल्या. पण कुणी थांबत नाही.

१९८९ नंतर पुरुषांच्या शर्यतीत एकही डच इथे जिंकलेला नाही. गर्दी मात्र ओसरली नाही. २००६ पासून तर जूनच्या सुरुवातीला हजारो डच कर्करोग संशोधनासाठी निधी उभारायला इथे येतात आणि जमेल तितक्या वेळा, जास्तीत जास्त सहा वेळा, एकाच दिवसात हा घाट चढतात.

नारिंगी टोप्यांना मोठं समाधान मिळालं ते १८ ऑगस्ट २०२४ रोजी, महिलांच्या टूरमध्ये. शेवटचा टप्पा इथे संपणार होता. आघाडीची पिवळी जर्सी पोलंडच्या काशा न्येव्यादोमाकडे. तीन दिवसांपूर्वीच्या अपघातात जर्सी गमावलेली नेदरलँड्सची डेमी फोलेरिंग सव्वा मिनिट मागे. फोलेरिंगने आधीच्या ग्लांदाँच्या घाटातच हल्ला चढवला. साथीला पौलिना रोइयाकर्स, तीही डच. एकवीस वळणांवर ७५ सेकंदांचा हिशेब सुरू झाला. प्रेक्षक मोबाइलवर अंतर पाहत होते आणि ओरडून सांगत होते. फोलेरिंग पहिली आली, विजेतीला मिळणारे दहा सेकंद तिने कमावले. न्येव्यादोमा चौथी आली, ६१ सेकंदांनी. पंच्याहत्तरातून एकाहत्तर गेले. उरलेल्या चार सेकंदांनी न्येव्यादोमाने आख्खी टूर जिंकली. घाट डचांनी जिंकला आणि शर्यत पोलंडने नेली. महिलांच्या किंवा पुरुषांच्या टूरमध्ये इतक्या कमी फरकाने निकाल कधीच लागला नव्हता.

विजेत्यांची नावं वळणांवरच्या पाट्यांवर लिहितात. टप्पे एकवीसपेक्षा जास्त झाल्यावर पुन्हा खालून सुरुवात झाली, त्यामुळे पायथ्याच्या पाटीवर कोप्पीच्या जोडीला लान्स आर्मस्ट्राँगचं नाव लागलं. पुढे २०१२ मध्ये त्याची टूरची सगळी जेतेपदं काढून घेतली गेली. कोप्पीला शेजारी चांगला मिळाला नाही. वर चढताना १९८४ चा लुइस हेरेरा भेटतो, टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कोलंबियन. १९८६ चा बर्नार इनो भेटतो, जो आपल्याच संघातल्या ग्रेग लेमाँडशी अख्खी शर्यत भांडून शेवटी त्याच्या हातात हात घालून रेषेवर आला.

प्रेक्षक इतके जवळ असण्याची किंमतही आहे. १९९९ मध्ये माथा अगदी समोर असताना फोटो काढणारा एक तरुण जुझेप्पे गेरिनीच्या वाटेत उभा राहिला. दोघं आदळले. गेरिनी उठला आणि तरीही जिंकला. २०१८ मध्ये व्हिन्चेन्झो नीबाली इतका सुदैवी ठरला नाही. धुरात, गर्दीत पडला, मणक्याला तडा गेला. तशा अवस्थेत तेरा सेकंद मागे वर पोहोचला आणि मग शर्यत सोडली. अशा घटनांमुळे वरच्या किलोमीटरांत लोखंडी कठडे लागले, पोलीस वाढले, रंगीत धुराच्या नळकांड्यांविरुद्ध ओरड झाली. जुने प्रेक्षक कुरकुरतात की घाटाचं स्टेडियम होऊ लागलंय. कुरकुर समजण्यासारखी असली, तरी नीबालीचा मणका पाहता कठड्यांना नाही म्हणणं अवघड. न पटणारी गोष्ट वेगळीच आहे : गर्दी उतरून गेल्यावर चरांत अडकलेले प्लास्टिकचे पेले.

इथे जायचं तर ग्रेनोबलपर्यंत रेल्वे, पुढे बूर द्वाझाँपर्यंत सुमारे ५० किलोमीटर बस. सायकली गावात भाड्याने मिळतात. टप्प्याच्या दिवशी रस्ता मोटारींना बंद असतो, चालत किंवा सायकलने लवकर निघावं. एरवी पहाटे चढावं, कारण दुपारी खालच्या वळणांवर सावली नसते. उतरताना पुन्हा तोच रस्ता धरण्यापेक्षा मागच्या बाजूने, सारेनच्या खिंडीतून उतरावं. रस्ता अरुंद आणि खडबडीत. २०१३ मध्ये टूरने हा घाट एकाच दिवशी दोनदा चढवला तेव्हा याच उतारावरून स्पर्धकांनी तक्रारी केल्या होत्या. पण तिथे ध्वनिवर्धक नाहीत, आणि ब्रांदचे खाणींचे अवशेष त्याच बाजूला आहेत.