सहा हजार अक्षरांची साक्ष

2021 मध्ये कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या आयमेरिया या एकपेशीय परजीवीच्या तीन जातींना रीतसर नावे मिळाली, तेव्हा त्या बारशात समाधानापेक्षा उशिराची खंत अधिक होती. कारण आता लाटा, नागंबी आणि झारिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या जातींचा माग ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 2008 च्या सुमारासच लागला होता आणि मधली तेरा वर्षे त्या एक्स, वाय, झेड या अक्षरांवर ताटकळत राहिल्या. त्याच अभ्यासात प्रचलित जिवंत लसी या तिघींपासून संरक्षण देत नाहीत, हेही स्पष्ट झाले. कुक्कुटपालक ज्याला रक्ती हगवण म्हणतात, त्या कॉक्सिडिओसिसच्या कारकांची मोजदाद इतकी का रखडली, हे समजण्यासाठी तंतुकणिकेकडे, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या आणि केंद्रकाहून वेगळा डीएनए बाळगणाऱ्या अंगकाकडे, वळावे लागते.

1891 मधील टेनेलापासून 1942 मधील ब्रुनेटीपर्यंत सात जातींची यादी तयार झाली. ऊसिस्टची, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या जाड कवचाच्या अवस्थेची, लांबी-रुंदी मोजायची आणि आतड्याच्या कोणत्या भागात विकृती दिसते ते पाहायचे, हीच ओळखीची रीत होती, जरी मापे एकमेकांत मिसळत असली तरी. 1964 मध्ये मिवाटी ही आणखी एक जात मांडली गेली आणि तिच्या खरेपणावरचा वाद जवळजवळ अर्धशतक चालला. क्विनोलोन गटातील औषधे परजीवीच्या तंतुकणिकेतील इलेक्ट्रॉनवहन रोखतात आणि औषधाला न जुमानणाऱ्या वाणाच्या तंतुकणिकांवर ती निष्प्रभ ठरतात, हे 1975 मध्ये प्रयोगाने दिसले होते; पण जातींच्या वर्गीकरणात रमलेल्यांनी त्या अंगकाकडे वळून पाहिले नाही.

खरे मन्वंतर घडले ते 2008 नंतरच्या दशकात, आणि त्यातही 2011 या एका वर्षात. चीनमधील संशोधकांनी सहा जातींचे संपूर्ण तंतुकणिकीय जनुकसंच प्रसिद्ध केले; जपानमधील गटाने टेनेलाचा हा डीएनए एकामागे एक जोडलेल्या प्रतींच्या साखळीत असतो, हे दाखवले; आणि कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात, जिथे 2003 मध्ये डीएनए बारकोडची, म्हणजे एका छोट्या जनुकखंडावरून जात ओळखण्याची, कल्पना मांडली गेली होती, तिथेच तंतुकणिकेतील सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या पहिल्या जनुकावरून या जाती वेगळ्या काढता येतात, हे सिद्ध झाले. मानवी तंतुकणिकीय डीएनए सोळा हजारांहून अधिक अक्षरांचा आणि तेरा प्रथिनांचा असताना, आयमेरियाचा हा संच सुमारे 6,200 अक्षरांचा असून त्यात प्रथिनांची केवळ तीन जनुके, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले रायबोझोमी आरएनए आहे, पण एकही वाहक आरएनए जनुक नाही. इतके दरिद्री भांडवल असूनही त्याने टेनेला आणि नेकाट्रिक्स या सख्ख्या भावंडांना वेगळे केले, जे केंद्रकातील 18एस या रायबोझोमी जनुकाला नीट साधत नव्हते.

18एसवरील अतिविश्वासाचा हिशेबही त्याच वर्षी चुकता झाला. मायटिस या एकाच जातीच्या जनुकसंचात या जनुकाचे दोन निराळे प्रकार नांदतात, हे चेक संशोधकांनी दाखवले आणि मिवाटीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा रेण्वीय आधारच ढासळला. एका पेशीतील दोन प्रकारांना दोन जाती समजण्याची ही चूक टाळता आली असती. तथापि ज्या क्षेत्रात शुद्ध वाण सांभाळण्यापेक्षा मिश्र नमुन्यातून झटपट क्रम वाचण्याला प्रतिष्ठा मिळते, तिथे असे होणे स्वाभाविकच होते. एकाच ऊसिस्टपासून वाण वाढवणे, तो पिल्लांमधून वारंवार काढून जिवंत ठेवणे, ही कष्टाची कला मागे पडत गेली, आणि तिच्याअभावी चुकीच्या नावाने नोंदलेला क्रम पुढच्या प्रत्येक तुलनेत तीच चूक घेऊन जातो. 2014 मध्ये सातही जातींचे केंद्रकीय जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर तर या चिमुकल्या तंतुकणिकीय रेणूची चर्चाच मागे पडली.

एक्स, वाय, झेड यांना नावे देण्यासाठी अखेर जनुकसंचांच्या जोडीला जुन्याच वाटेने जावे लागले: पिल्लांना संसर्ग दिला गेला, वजनातील घट नोंदवली गेली आणि ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले. नागंबी हे ऑस्ट्रेलियातील गाव आहे, झारिया हे नायजेरियातील शहर. आणि लाटा या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे रुंद.