तळ्यातले मासे आणि चेर्नोबिलचा वारसा

चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच स्वीडनमधील येव्हले शहराच्या परिसरात पडलेल्या पावसाबरोबर सिझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य तेथील असंख्य तळ्यांत उतरले. हवा लवकरच निवळली. तळी मात्र निवळली नाहीत, कारण या द्रव्याची तीव्रता निम्मी होण्यासच तीस वर्षे लागतात.

रासायनिक गुणधर्मांच्या दृष्टीने सिझियम हे पोटॅशियमचे भावंडच होय. पोटॅशियम शोषून घेताना मासा सिझियमही स्नायूंत साठवितो. समुद्रात पोटॅशियम विपुल असल्याने तेथील माशांच्या वाट्याला सिझियम थोडेच येते. उत्तर युरोपातील तळ्यांचे पाणी क्षारांच्या बाबतीत दरिद्री; साहजिकच तेथील मासे अधिक दूषित होतात, आणि लहान माशांवर जगणारा पाईकसारखा मासा तर सर्वांत अधिक.

मग पाण्यातच पोटॅशियम वाढविले तर? स्वीडिश संशोधकांनी सुमारे चाळीस तळ्यांत चुना, पालाश आदींचे प्रयोग केले. माशांतील सिझियम घटले खरे. तथापि उपचार न करताही ते घटतच होते आणि उपचाराचे श्रेय त्यात अल्पच निघाले. वाहत्या तळ्यात टाकलेला पालाश पाण्याबरोबर निघून जातो, हे एक कारण. बेलारूसमधील स्व्यातोये हे तळे बंदिस्त. तेथे १९९८ साली पोटॅशियम क्लोराइड टाकल्यावर पहिल्या काही वर्षांत माशांतील सिझियम निम्म्याहून खाली आले. परंतु त्याच पोटॅशियमने तळच्या गाळातील सिझियम सुटे केले आणि पाण्यातील त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढले! ज्या तळ्याचे पाणी माणसे पितात, तेथे असे औषध कोण देईल?

जे पाण्यात साधले नाही ते कागदावर साधले, असे कोणी म्हणेल. स्वीडनने १९८७ साली तळ्यातील मासे, रेनडिअरचे मांस, रानफळे इत्यादींसाठी किलोमागे ३०० बेकरेलची मर्यादा १५०० वर नेली. हे पदार्थ सामान्य नागरिक क्वचितच खातो, आणि सामी लोकांची उपजीविका तर त्यांवरच चालते, ही त्यामागील भूमिका. ती निर्दय नव्हती. कडक मर्यादेने सामींचा व्यवसायच बुडाला असता. पण ज्याचा धंदा वाचला, तोच ते अन्न रोज खाणार, ही अडचण तिने सुटत नाही. सरासरी नागरिकासाठी आखलेली मर्यादा त्याला पुरेशी नाही. त्याच्या तळ्यातील मासे वेळोवेळी तपासून निष्कर्ष त्याच्या हाती दिले पाहिजेत.

घरगुती उपाय त्यामानाने खात्रीचा आहे. सिझियम पाण्यात विरघळते. माशाचे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, किंवा मासा उकडून रस्सा फेकला, तर बराच भाग निघून जातो. तळल्याने किंवा भाजल्याने तो जात नाही. मात्र तळ्याच्या माशांवरच गुजराण करणाऱ्या बेलारूसमधील खेडुताला रस्सा ओतून द्या असे सांगणे म्हणजे त्याच्या ताटातले अर्धे जेवण काढून घेणे होय.