हजेरी लागली, पुढे काय?

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिंक येते. खाली सूचना असते: दुपारी दोनला सर्वांनी जॉइन व्हावे, नावासमोर बीट (एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालचा अंगणवाड्यांचा गट) आणि अंगणवाडी क्रमांक टाकावा, माइक बंद ठेवावा. आहार वाटून, नोंदी भरून सेविका मोबाइल भिंतीला टेकवून बसते. पडद्यावर चौकोनांची रांग, त्यातले बहुतेक काळे. तज्ज्ञ स्लाइड वाचत जातात. मध्येच आवाज तुटतो, आणि ‘ऐकू येतंय का’ या प्रश्नाला चॅटमध्ये ‘हो सर’ आणि ‘नाही सर’ अशी दोन्ही उत्तरे एकाच वेळी उमटतात. शेवटी गूगल फॉर्म आणि प्रमाणपत्र. करोनाच्या साथीत नाइलाजाने आलेली ही रीत आशा, गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, बाल संरक्षण कक्षातले समुपदेशक, सखी केंद्रातल्या केसवर्कर अशा घराघरांशी काम असलेल्या सगळ्यांसाठी आता रुळली आहे. तिला नावे ठेवणे सोपे आहे आणि ठेवलीही जातात. पण मोबाइलवर शिकवणे वाईट, या निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझे म्हणणे असे की एरवी ज्यांची गाठ पडणे शक्य नाही त्यांना एकत्र बसवण्याची सोय या साधनात आहे, आणि आपण तिचा उपयोग परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी करतो आहोत. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत हा तोटा जितका ढळढळीत दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

कारण इथली कुटुंबे हद्द ओलांडतात आणि त्यांच्याविषयीची माहिती हद्दीवरच थांबते. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी खाली उतरतात. कुणी परतवाड्याकडे, कुणी अकोल्याच्या शिवारात, कुणी वीटभट्टीवर. होळीला ती परततात, कारण होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. या मधल्या महिन्यांत अतितीव्र कुपोषितांच्या (सॅम) यादीतले एखादे मूल मेळघाटातल्या रजिस्टरवर ‘स्थलांतरित’ या शेऱ्याखाली जाते. खाली ज्या वस्तीत ते राहते तिथल्या सेविकेला मात्र ते मूल कुणाचे, त्याचे वजन मागच्या महिन्यात किती होते, त्याला ग्राम बाल विकास केंद्रात ठेवले होते का, त्याची आई कोणत्या गोष्टीला घाबरते, यातले काहीच ठाऊक नसते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे. ती नोंद पुढे पाठवते आणि ते आवश्यकच आहे. पण घरातले वजन नेमके कुणाच्या शब्दाला आहे, दवाखान्याचे नाव काढले की आजी का उठून जाते, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. अकोट आणि तेल्हारा भागातल्या पुनर्वसित गावांची गोष्ट याहून कठीण. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली कोरकू गावे सपाटीवर आली, तिथे तग धरला नाही म्हणून २०१९ मध्ये त्यातले काही लोक पुन्हा जंगलात शिरले आणि संघर्ष उडाला. अशा घराच्या दारात उभ्या राहणाऱ्या वऱ्हाडी बोलणाऱ्या सेविकेला जे शिकायचे आहे ते धारणीच्या सेविकेला वर्षानुवर्षे माहीत आहे. दोघी एकाच महसुली विभागात काम करतात, पण जिल्हा परिषदा वेगळ्या, म्हणून बैठका वेगळ्या, प्रशिक्षणे वेगळी, गट वेगळे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पहिल्या प्रकल्पांत मुंबईच्या धारावीबरोबर धारणी होते. म्हणजे कुटुंबात जाऊन काम करण्याचा अर्ध्या शतकाचा अनुभव याच डोंगरात साठला आहे. तो आजवर टिकला तो पर्यवेक्षिकेच्या बीट मीटिंगमध्ये. तिथे अहवाल गोळा होतात, ओरडा बसतो, आणि चहाच्या वेळी खरे बोलणे निघते: अमुक घरी कशी आत गेले, तमुक सासूला कसे वळवले. याच बैठकीचा आधार घेऊन केंद्राने २१ भागांची टप्प्याटप्प्याने शिकण्याची पद्धत आणली होती. दर महिन्याला एकच छोटा विषय, करून पाहायची एकच कृती, आणि पुढच्या महिन्यात तिची विचारपूस. कागदावर ती फार शहाणपणाची होती. शिकलेले घरी जाऊन वापरायचे आणि अडले ते परत आणायचे, हे चक्र तिच्यात होते. ऑनलाइनच्या मुख्य रस्त्यावर परत आणण्याचा हा भागच गळाला. प्रश्नमंजूषा पाठांतर तपासते, घरात काय घडले ते विचारत नाही.

परत आणण्याच्या या चक्राला पुरावा आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यातलाच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर इथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलत, गरज वाटली तर समुपदेशकाकडे आणि तिथून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत, आणि सगळ्यांच्या कामावर वरून सतत लक्ष असे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे घेतलेली नव्हती, तेव्हा सगळे श्रेय त्यालाच देता येणार नाही. तरी एवढी झेप आपोआप येत नाही. याच परंपरेतला गोव्याचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. संगथ या संस्थेतल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकले आणि एकमेकांना गुण दिले. सरावानंतर त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळू लागले. परीक्षक होता होताच त्यांची नजर तयार झाली. तिसरा दाखला फार दूरचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा या डॉक्टरांनी २००३ मध्ये खेड्यांतल्या दवाखान्यांना दर आठवड्याला व्हिडिओवर जोडले. व्याख्यान थोडे, एकेका रुग्णाची चर्चा जास्त. २०११ च्या अभ्यासात खेड्यांत उपचार घेतलेल्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांपैकी ५८.२ टक्के बरे झालेले आढळले, विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के. बंगळूरच्या निम्हान्सने हीच रीत मानसिक आरोग्यासाठी उचलली.

अशी चर्चा कशी चालते हे पाहण्यासारखे असते. मांडणारी पाच-सात मिनिटांत घर उभे करते. घरात कोण कोण, कमावते कोण, कर्ज किती, आजवर कोण कोण येऊन गेले, आणि मी कुठे अडले. समजा, खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात नवऱ्याचे मूत्रपिंड निकामी होत चालले आहे, उपचारापायी शेत गहाण आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकण्याची घाई सुरू आहे. सल्ला द्यायचा नाही, आधी फक्त विचारायचे, असा नियम असतो आणि तोच पाळणे सर्वांत जड जाते. कारण घरभेटीला जाणाऱ्या बाईला वर्षानुवर्षे सल्ले द्यायलाच शिकवलेले असते. ‘मुलगी काय म्हणते?’ असे कुणीतरी विचारते, आणि मांडणारीच्या लक्षात येते की मुलीशी एकांतात बोलणे झालेलेच नाही. मग दुसरी सांगते की आमच्याकडे असेच होते, आम्ही मामाला मधे घातले. संरक्षण अधिकारी कायद्याची बाजू सांगतात, आरोग्य खात्याचा माणूस उपचाराच्या सवलतीची. शेवटी पुढच्या पंधरवड्यात काय करायचे ते एका ओळीत ठरते आणि पुढच्या वेळी पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो. यात एका घराचा गुंता सुटतो, पण ऐकणाऱ्या पंधराजणींच्या प्रत्येकीच्या यादीत तसेच एखादे घर असते. व्याख्यानाने हे साधत नाही असे मी सरसकट म्हणणार नाही. मध्य प्रदेशात सिहोरच्या ४२ आशांना नैराश्यावरचे समुपदेशन काहींना वर्गात, काहींना मोबाइलवर शिकवले, तेव्हा दोन्हींकडचे गुण वाढले. माहिती पडद्यावरून पोहोचते. घरातल्या गुंत्यासमोर ती वापरायची कशी, हे मात्र सोबत लागल्याशिवाय येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मेळघाटात रेंज आहे कुठे? तो खरा आहे आणि त्याला इतिहासही आहे. धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले, आणि २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकऱ्यांच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’ने तेच गाव दाव्यांचा फोलपणा दाखवायला सभेत आणले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले: फोन गरम होतात, बंद पडतात, आणि नोंदींचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. या बायकांना तंत्रज्ञानाचे वावडे होते असे तेव्हा बोलले गेले, ते मला पटत नाही. त्याच बायका स्वतःच्या पैशाच्या फोनवर, स्वतःच्या भाषेत, दिवसभर एकमेकींना ध्वनिसंदेश पाठवत होत्या. उत्तर तिथेच आहे. चर्चेला चेहरे दिसावे लागत नाहीत, साधा कॉन्फरन्स कॉल पुरतो. रेंज नसलेल्या गावातल्या सेविकेने आठवडी बाजाराच्या दिवशी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवले तरी तिने मांडलेले घर चर्चेत येते. आणि कोरकूत बोललेले कोरकूतच राहू द्यावे, तिथे एक दुभाषी बाई तीन तज्ज्ञांपेक्षा उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतात. आज अनेक गटांत कुपोषित बाळांचे आणि रडणाऱ्या आयांचे फोटो, आधार कार्डे खुशाल फिरत असतात, तेव्हा नवी वाट उघडताना भीती वाटणे रास्त आहे. नाव, गाव, फोटो, कुटुंबातल्या कुणाचे मुद्रण यांतले काहीही चर्चेत येऊ नये. पण नाव गाळणे छोट्या गावात पुरत नाही. ‘दोन जुळ्या मुली असलेला कोतवाल’ म्हटले की तालुक्याला घर कळते. म्हणूनच दोन जिल्ह्यांचे मिश्रण उपयोगी. अकोटचे घर चिखलदऱ्याच्या सेविकांसमोर मांडले तर ओळख पटण्याचा धोका स्वतःच्या बीटपेक्षा कमी. आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणे या गटांत आणूच नयेत, त्यांची जागा पोलिसांकडे आणि बाल कल्याण समितीत आहे.

अधिकारी मंडळी तिसरा मुद्दा काढतात: सेविकांनी एकमेकींना शिकवले तर चुकीचेच पसरेल. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटाला चटके देण्याची ‘डंबा’ प्रथा अजून आहे, भूमकाकडे आधी नेले जाते, अशा गोष्टींचे समर्थन होऊ लागले तर? भीती खोटी नाही, पण तिच्यातून निघणारा मार्ग उलटा आहे. बंद माइकच्या प्रशिक्षणात डंबा चुकीचा आहे असे सगळ्याच लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण घेतात. नातवाला चटका देऊ पाहणाऱ्या सासूसमोर एखादी सेविका गप्प का बसली, हे कळायला तिने ते बोलावे लागते. चर्चेत डॉक्टर हजर हवा, तो त्यासाठीच.

राहतो वेळ आणि पैसा, आणि इथे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या, त्यांच्या मागण्यांत मानधन अग्रभागी होते. अशांना पंधरवड्याला आणखी एक तास मागणे म्हणजे तो तास त्यांच्या स्वयंपाकातून किंवा झोपेतून काढणे. तो कामाच्या वेळेत, एखादा अहवाल कमी करून, आशांना त्याचा मोबदला देऊन मिळाला पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांत हाही गट काळ्या चौकोनांचा होईल. अ‍ॅप नवे लागत नाही. अमरावतीतल्या विभागीय कार्यालयाच्या एका पत्राने धारणी-चिखलदऱ्यातले काही बीट अकोट-तेल्हाऱ्यातल्या बीटशी जोडता येतील. पहिली चर्चा दिवाळीच्या आधी ठेवावी, म्हणजे उतरणाऱ्या कुटुंबांविषयी खालच्या सेविकेला आधीच कळेल. दुसरी होळीनंतर, मुले परत आली की वजनकाट्यासमोरच.