ईडन गार्डन्सचा विसरलेला धडा

ईडन गार्डन्स म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना क्रिकेटच आठवते. मलाही आधी तेच आठवते. परंतु कोलकात्यातील जुन्या पिढीशी बोलताना जाणवते की, त्यांच्या स्मरणातले ईडन फुटबॉलचेही आहे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून येथेच मोहन बागानविरुद्ध खेळले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पहिल्या नेहरू चषकाची स्पर्धाही १९८२ मध्ये याच मैदानावर झाली.

या दोन तारखांच्या मध्ये मात्र १६ ऑगस्ट १९८० हा दिवस आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील लीग सामन्यात उत्तरार्धात दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला बाहेर काढण्यात आले. त्यावरून प्रेक्षागारात दगडफेक आणि हाणामारी सुरू झाली. प्रतिस्पर्धी समर्थक शेजारीशेजारी बसलेले होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होत्या. जीव वाचवण्यासाठी धावणाऱ्यांच्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला.

१९८४ मध्ये सॉल्ट लेकचे विशाल क्रीडांगण खुले झाले, मोठे फुटबॉल सामने तिकडे गेले आणि ईडन क्रिकेटचे झाले. १६ ऑगस्ट हा दिवस बंगालमध्ये ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रक्तदान शिबिरे भरतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने याच तारखेला ‘खेला होबे दिवस’ जाहीर केला. विरोधकांनी लगेच १९४६ च्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ची आठवण करून दिली. त्या वादंगात मृत प्रेक्षक पुन्हा एकदा मागे पडले.

माझा आक्षेप स्मरणदिनाला नाही. स्मरणाचे रूपांतर नियमात झाले नाही, याला आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जणांचा बळी गेला. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर तेथील प्रमुख मैदानांवर उभ्याने सामना पाहण्याच्या जागा काढून प्रत्येकाला आसन देण्यात आले. सत्याची पूर्ण कबुली मिळायला तेथेही अनेक वर्षे लागली, हे खरे. पण मैदानांची रचना बदलली. आपल्याकडे सॉल्ट लेकमधील प्रेक्षकक्षमता कमी झाली ती २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी, आंतरराष्ट्रीय अटींच्या रेट्यामुळे. १९९७ मध्ये तेथे एका सामन्याला १ लाख ३० हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते, तेव्हा आपण त्याचा अभिमानच बाळगला.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. मार्गदर्शिका मात्र सल्ला देते. सल्ला डावलणाऱ्याला जाब विचारण्यासाठी कायदा लागतो. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण दगावले. खेळ वेगळा, शहर वेगळे, मधे ४५ वर्षांचे अंतर. प्रश्न मात्र तेच. किती माणसे येणार याचा अंदाज कोणी बांधायचा, दारे कोणी उघडायची आणि चुकल्यास उत्तरदायी कोण?

आयोजक, पोलीस आणि मैदानाचा ताबा असलेली संस्था यांची जबाबदारी सामन्यापूर्वीच लेखी ठरलेली असली पाहिजे. मृतांसाठी दरवर्षी रक्त देणाऱ्या शहराला आणि देशाला एवढे मागण्याचा अधिकार नक्कीच आहे.