मुक्त लेखक आणि खाजगी ग्राहक : पवनानगर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मराठी विषय घेऊन पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर अध्यापन, स्पर्धा परीक्षा आणि पत्रकारिता एवढेच मार्ग आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांपैकी अध्यापनाचा मार्ग तासिका तत्त्वावरील नेमणुकांपाशी कसा अडतो, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको. अशा स्थितीत लेखनकौशल्याच्या बळावर स्वतंत्रपणे उपजीविका करता येईल काय आणि त्यासाठी लागणारे ग्राहक मावळासारख्या ग्रामीण भागात कसे मिळतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
कोणाचीही नोकरी न करता कामागणिक मोबदला घेऊन लिहितो, तो मुक्त लेखक होय. खाजगी ग्राहक म्हणजे वृत्तपत्र, प्रकाशक वा शासन नव्हे. तर स्वतःच्या गरजेसाठी लेखन करवून घेणारी व्यक्ती, कुटुंब, संस्था अथवा व्यावसायिक. वाचकासाठी केलेले लेखन लेखकाच्या प्रेरणेतून जन्मते. ग्राहकासाठी केलेले लेखन ग्राहकाच्या गरजेतून जन्मते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेक चांगले लेखक या क्षेत्रात टिकत नाहीत.

पूर्वपीठिका :
या संदर्भात आपल्याच परिसरातील एक उदाहरण उद्बोधक ठरावे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) हे बडोदे संस्थानच्या सेवेत होते. राजपुत्रांना इतिहास शिकविण्याच्या गरजेतून त्यांचे इतिहासलेखन सुरू झाले. १९२५ मध्ये सेवानिवृत्त झाल्यानंतर त्यांनी पवनानगरपासून जवळच असलेल्या कामशेत येथे वास्तव्य केले. पुढे मुंबई सरकारने पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांची विद्वत्ता असामान्य होती आणि काम देणारे सरकार होते, खाजगी ग्राहक नव्हे. म्हणून ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयाची. तथापि एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. काम त्यांच्याकडे आले ते ते मोठ्या शहरात राहत होते म्हणून नव्हे, तर एका विषयाचा जाणकार म्हणून त्यांची ओळख निर्माण झालेली होती म्हणून. मुक्त लेखकानेही 'मी काहीही लिहून देतो' असे सांगण्याऐवजी 'मी अमुक प्रकारचे लेखन करतो' असे सांगणे हिताचे असते.

पवनानगर परिसरातील ग्राहकवर्ग :
या परिसरातील संभाव्य ग्राहकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतील.

(१) पर्यटन व्यावसायिक : पवना जलाशयाच्या काठी तंबूनिवास व कृषी पर्यटनाचे व्यवसाय वाढले आहेत. लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले आणि बेडसे, भाजे व कार्ले येथील लेणी जवळच आहेत. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांमध्ये झाला. त्यामुळे माहितीपत्रके, फलक आणि वाटाड्यांसाठी विश्वसनीय टिपणे यांची गरज वाढणे स्वाभाविक आहे.

(२) शेतमाल व लघुउद्योग : वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी तांदूळ पिकविणारे शेतकरी गट, बचत गट आणि चिक्कीचे उत्पादक यांना वेष्टनावरील मजकूर, परिचयपत्रक व पत्रव्यवहार यांसाठी लेखकाची मदत लागते.

(३) कुटुंबे व संस्था : सहस्रचंद्रदर्शन, अमृतमहोत्सव, शाळेचा सुवर्णमहोत्सव, पतसंस्थेचा वर्धापनदिन या निमित्तांनी स्मरणिका, गौरवग्रंथ आणि आत्मचरित्राचे शब्दांकन करवून घेतले जाते. कुलवृत्तांताची परंपरा तर मराठीत जुनीच आहे. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या पिढीच्या आठवणी नोंदविण्याचे कामही याच वर्गात येते.

ग्राहक मिळविण्याची प्रक्रिया :
वरील तिसऱ्या वर्गाकडे पाहिल्यास असे दिसते की, येथे मागणी प्रसंगानुसार निर्माण होते. प्रसंगाची तारीख आधीच ठाऊक असते. म्हणून लेखकाने जाहिरातीची वाट न पाहता प्रसंगांची नोंदवही ठेवावी. ज्या शाळेची स्थापना होऊन ४८ वर्षे झाली, तिच्या मुख्याध्यापकांना आजच भेटणे योग्य. सुवर्णमहोत्सवास एक महिना उरला असता मुलाखती घेण्यास सवड राहत नाही.

भेटीस जाताना नमुना सोबत असावा. प्रसिद्ध लेखन नसल्यास घरातील ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घेऊन चार पृष्ठांचे शब्दांकन करावे आणि तेच दाखवावे. छपाई करणारे, छायाचित्रकार, ग्रंथपाल व सनदी लेखापाल यांच्याशी परिचय ठेवावा. कारण स्मरणिका काढावयाची हा विचार प्रथम त्यांच्या कानावर जातो. पहिले काम वेळेवर व निर्दोष दिल्यास दुसरे काम बहुधा त्याच ग्राहकाच्या शिफारशीने येते.

मोबदला व करार :
या व्यवसायातील खरी अडचण ग्राहकांच्या अभावाची नसून संकोचाची आहे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका संस्थेची स्मरणिका तीन महिने खपून तयार केली. मोबदल्याविषयी प्रारंभी बोलणे झाले नव्हते. प्रकाशन समारंभात शाल व श्रीफळ मिळाले. अंकावर मात्र नाव नव्हते. दोष केवळ संस्थेचा म्हणता येणार नाही. 'मानधन' या शब्दाच्या आडोशाने आपण स्वतःच श्रमाची किंमत सांगावयाचे टाळतो.

ती किंमत काढण्याची रीत सोपी आहे. समजा, ६४ पृष्ठांच्या स्मरणिकेसाठी दहा मुलाखती घ्यावयाच्या आहेत. मुलाखतींचे २० तास, त्या उतरवून घेण्याचे ४०, लेखनाचे ६४ आणि मुद्रितशोधनाचे १६, असे एकूण १४० तास होतात. त्यांस आपल्या एका तासाच्या मोबदल्याने गुणावे, प्रवासखर्च मिळवावा आणि एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्यावी. पृष्ठसंख्या, दुरुस्तीच्या फेऱ्या, मुदत व श्रेयनामावली या बाबी लेखी ठरवाव्यात.

कायद्याचा आधारही लेखकाच्या बाजूने आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून न केलेल्या साहित्यकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखकच असतो. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. कलम ५७ नुसार हस्तांतरणानंतरही कर्तृत्वाचा दावा लेखकाकडे राहतो. हे ठाऊक असते तर प्रस्तुत लेखकास आपल्या नावासाठी निदान पत्र लिहिता आले असते.

मर्यादा :
नवोदित लेखकाकडे सर्वांत आधी येणारा ग्राहक बहुधा प्रकल्प किंवा प्रबंध लिहून मागणारा विद्यार्थी असतो. हे काम सोपे, जवळचे व रोख पैशाचे असते; परंतु ते नाकारणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे शैक्षणिक सचोटीविषयक विनियम बाजूला ठेवले तरी, ज्या पदवीच्या बळावर आपण लिहितो तिचेच मोल त्यामुळे कमी होते. तसेच पूर्णवेळ अध्यापकाने सेवाशर्तींनुसार संस्थेची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज असे सशुल्क काम करू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज क्षणार्धात मजकूर देतात, म्हणून लेखकास कोण विचारणार, अशी शंका घेतली जाते. सामान्य जाहिरातीपुरती ती खरीही आहे. परंतु बुडालेल्या शिवाराचे नाव, आजीने सांगितलेली भातलावणीची रीत किंवा शाळेची पहिली घंटा कोणी दिली, हे ओसरीवर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. मुक्त लेखकाचे स्थान तेथे आहे.

समारोप :
सारांश, पवनानगरसारख्या ठिकाणी खाजगी ग्राहक आहेत. ते प्रसंग, परिचय व विश्वास यांतून मिळतात. विशिष्ट विषयाची ओळख, दाखविण्याजोगा नमुना, लेखी करार आणि नकार देण्याचे धैर्य या चार गोष्टी लेखकापाशी असाव्यात. मराठी विभागांनी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एक मुलाखत, एक अंदाजपत्रक व एक करारपत्र तयार करवून घेतले, तरी या दिशेने प्रारंभ होईल. लेखन ही साधना आहे, हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवितो. ते श्रमही आहेत, हे शिकविण्याची जबाबदारीही आपलीच आहे.